मधोमधचा ढग

लीश्वेताई माझ्या डाव्या हाताला बसायची. एकूण अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत तिचा चेहरा मी काय तो जेवणाच्या सुट्टीत पाहिला. बाकीचा वेळ आम्ही दोघी नखशिखांत पांढऱ्या पोशाखात, तोंडावर मास्क आणि भोवती अंधार. पण तिचा श्वास मला ओळखू यायचा. समोरच्या पॅनेलात काही सापडलं की ती श्वास रोखून धरायची, आणि मग बटण दाबायची.

आमचा कारखाना ताइनानच्या उत्तरेला, जुनी उसाची शेतं मोडून वसवलेल्या वसाहतीत. टीव्हीची पॅनेलं तयार होऊन आमच्यासमोर येत आणि पेटत. आधी पांढरं, मग काळं, मग तांबडं, हिरवं, निळं, आणि शेवटी राखाडी. प्रत्येक पॅनेलाला मोजून पंचवीस सेकंद. काळ्यावर एखादा ठिपका चमकत राहिला की ते कुणालाही दिसतं. खरी परीक्षा राखाडीवर. सगळा पडदा एकसारखा राखाडी, आणि त्यात कुठंतरी एखादा भाग केसभर गडद. कड नाही, आकार नाही. त्याला आम्ही ढग म्हणायचो. तो बघायला गेलं की नाहीसा होतो. त्याला मोजायचं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. माणसाच्या डोळ्याला खुपला तर दोष, नाही तर माल चांगला.

लीश्वेताईला ढग दिसायचेच. नव्या मुलींना ती सांगायची, "दोन मिनिटं नुसती अंधारात बस. काही शोधू नकोस. शोधलंस की डोळा खोटं बोलतो." तिच्या चष्म्याचा नंबर उणे अकरा होता, भिंगं बाटलीच्या बुडासारखी. डावा डोळा तर लहानपणापासूनच आळशी. "माझा सगळा कारभार उजव्यावर," असं ती हसत सांगायची. घरी नवरा जिनफा यानं हौसेनं मोठा टीव्ही आणला, तर हिनं तो दोनदा परत पाठवला. तिसरा आला तेव्हा जिनफा म्हणाला, "आता यात काही दिसलं तर तू भिंतीकडे तोंड करून बस." आणि ती खरंच बसली. मालिका लागली की ती टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडायची आणि कानांनी मालिका बघायची.

गिऱ्हाईक कंपनीची माणसं भांडायला आली की आमचे विभागप्रमुख ल्याओ साहेब तिलाच पुढं करायचे. ल्याओ वयानं तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. "ताई, यांना दाखवा," एवढंच म्हणायचे. ती बोट न लावता सांगायची, "वरून एक वीत, डावीकडून चार बोटं." त्या माणसांनी डोळ्यांसमोर काळपट पारदर्शक पट्टी धरून पाहिलं की ढग नेमका तिथं असायचा.

त्या वर्षी शरदातली पौर्णिमा होऊन गेली होती. सकाळच्या पाळीत लीश्वेताईनं दोन तासांत चौदा पॅनेलं बाद केली. सगळी राखाडीवर. चौदाव्याला ल्याओ आत आले.

"ताई, आज काय, मुहूर्त आहे का? फुकट मारताय पॅनेलं."

"फुकट नाही. मधोमध ढग आहे. सगळ्यांना एकाच जागी. मागं कुठंतरी यंत्रात बिघाड असणार."

ल्याओंनी पाहिलं. तिरकं होऊन पाहिलं, पट्टी लावून पाहिलं. मग मला उठवलं. "पेईजू, तू बघ."

मी बघितलं. राखाडी स्वच्छ होती. इतकी स्वच्छ राखाडी क्वचित बघायला मिळते. मी नुसती मान हलवली, आणि अंधारात ती दोघांना दिसली नसेल म्हणून हळूच म्हटलं, "मला नाही दिसत."

"नाही दिसत?" लीश्वेताई म्हणाली. ल्याओंनी चौदाही पॅनेलं परत लाइनवर चढवली आणि तिला म्हणाले, "झोप होते ना नीट?"

दुसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत. ती पुन्हा पूर्वीसारखी बटणं दाबू लागली. मला वाटलं, एखाद्या दिवशी होतं माणसाला.

महिनाभरानं माझी स्कूटर दुरुस्तीला गेली म्हणून मी तिच्या मागं बसून घरी निघाले. मोठ्या चौकात लाल दिवा लागला. समोरच्या पाटीवर सेकंदांचे आकडे उलटे मोजत येत होते. ती मान एकदा डावीकडे वळवी, एकदा उजवीकडे, जसं काही चौकात कुणाला शोधतेय.

"जू, किती उरले गं?"

"एकोणीस. का? समोरच तर आहे पाटी."

हिरवा लागला, मागचे भोंगे वाजवायला लागले तेव्हा निघाली. पुढच्या वळणावर तिनं स्कूटर कडेला घेतली, कोहळ्याचं सरबत विकणाऱ्या गाड्याजवळ. दोन पेले घेतले. एक मला दिला आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "पाटीकडे सरळ बघितलं की आकडा जातो. बाजूला बघितलं की परत येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे ढग माझ्या डोळ्यात आहे. त्या चौदा पॅनेलांत नव्हता. त्याच दिवशी दुपारी मला कळलं. मी नजर हलवली की तो हलायचा. पॅनेलातला ढग जागचा हलत नाही."

मी पेला गाड्यावर ठेवला. "अगं ताई, मग महिनाभर तू तपासतेयस कशी?"

"तशीच. जो हलतो तो माझा, जो हलत नाही तो पॅनेलाचा. माझा सोडून द्यायचा, पॅनेलाचा धरायचा." हे तिनं इतक्या सरळपणे सांगितलं, जसं भाजी कशी चिरायची ते सांगावं.

"आणि डॉक्टर?"

"जाईन."

डॉक्टरांकडे ती लगेच गेली नाही. आधी माझू देवीच्या देवळात गेली, आणि मला बरोबर घेऊन. कामावर सांगून टाकू का, एवढंच तिला विचारायचं होतं. कौल लावायचे ते चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे तिनं कपाळाला लावले आणि खाली टाकले. दोन्ही उताणे पडले. म्हणजे देवी हसली, हो-नाही काही सांगितलं नाही. पुन्हा टाकले, पुन्हा दोन्ही उताणे. तिसऱ्यांदाही तेच. लीश्वेताई तुकडे उचलून जागेवर ठेवत म्हणाली, "हिला हसू येतंय. येऊ दे." मग अगरबत्ती लावताना तिनं हात भाजून घेतला. टोक कुठं आहे ते तिला नीट दिसलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही इस्पितळात गेलो. आत शिरल्या शिरल्या नावनोंदणीचं यंत्र. पूर्वी तिथं खिडकी होती आणि खिडकीत बाई असायची. आता स्क्रीन. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, आणि बटणं इतकी चपटी की बटण कुठलं आणि नुसता मजकूर कुठला ते डोळस माणसालाही कळू नये. लीश्वेताई त्यासमोर उभी राहिली. मान तिरकी केली. बोट टेकवलं. काहीच झालं नाही. पुन्हा टेकवलं. स्क्रीन पहिल्या पानावर परत गेली. मागची रांग सुस्कारे टाकायला लागली.

"आजी, खाली डावीकडे दाबा," मागून कुणीतरी म्हणालं. ती त्रेपन्न वर्षांची होती.

मी पुढं होऊन दाबलं. चिठ्ठी आली. बाजूला होताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "वरच्या उजव्या कोपऱ्यात पिवळसर ढग आहे बघ याच्या. हे पॅनेल कुणी पास केलं?" मी मागं वळून बघितलं. खरंच होता. तिला स्वतःचं नाव वाचता आलं नव्हतं, पण तो कोपरा तिला दिसला होता.

डॉक्टर बाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी सांगितलं ते असं: इतका मोठा उणे नंबर म्हणजे डोळा लांबट, मागचा पडदा ताणला जाऊन विरतो, त्यात नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्यात. डोळ्यात सुई द्यायची, महिन्याला एक. त्यानं कदाचित पुढचं थांबेल. गेलेलं येणार नाही.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं.

"टीव्ही बघते," लीश्वेताई म्हणाली.

डॉक्टर बाईंना तो विनोद वाटला. "मग जरा कमी बघा."

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "ल्याओंना सांगू या. ते माणूस म्हणून बरे आहेत."

"पंचावन्न पूर्ण झाली की माझी निवृत्ती नियमात बसते. दोन वर्षं राहिली. आता सांगितलं तर मला कुठं ठेवतील? पॅकिंगला. तिथं पस्तिशीच्या पोरींची कंबर जाते." मग तिनं माझा दंड धरला. त्याआधी तिनं कधी कुणाचा दंड धरल्याचं मला आठवत नाही. "जू, तुझी नजर चांगली आहे. काळ्यावर मधोमध तेवढं बघत जा माझं, तिथला ठिपका माझ्या ढगाखाली जातो. बाकीचं मी सांभाळते."

मी हो म्हटलं. तिनंच मला हे काम शिकवलं होतं, नाही कसं म्हणणार?

पुढचे चार महिने आमचं असं चाललं. तिचं पॅनेल काळं झालं की मी माझ्या पॅनेलावरची नजर काढून तिच्या पॅनेलाच्या मधोमध टाकायची. ठिपका दिसला तर खुर्चीचा पाय एकदा वाजवायची, ती बटण दाबायची. तेवढ्यात माझं पॅनेल पुढच्या रंगावर गेलेलं असायचं. मी घरी गेले की डोळे मिटले तरी राखाडी दिसायची. वार्षिक परीक्षा आली. वीस पॅनेलं, त्यांतली कुठली बाद आणि कुठली बरी ते ओळखायचं. मला धडकी भरली होती. तिनं वीसपैकी वीस बरोबर सांगितली. नंतर जेवताना पेरूच्या फोडी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "ती वीस मीच निवडून ठेवलेली आहेत, सहा वर्षांपूर्वी. शेजारपाजारची माणसं नुसत्या चालण्यावरून ओळखतो की नाही आपण?"

त्या दिवशी आम्ही दोघी खूप हसलो. मला वाटलं, जातील दोन वर्षं.

मग माझे सासरे वारले. सासरच्या गावी, जियाईला, जायला लागलं, मी तीन दिवस रजेवर. निघण्याआधी तिला फोन केला. "ताई, तीन दिवस तूही रजा घे. सुई घेतली म्हणून सांग."

"रजा संपल्यात गं. सुयांमध्येच गेल्या सगळ्या. तू जा, सासऱ्यांचं नीट कर. तीन दिवसांनी काय होतंय."

पाच आठवड्यांनी गिऱ्हाईकाकडून अकरा पॅनेलं परत आली. सगळ्यांवर काळ्या पडद्याच्या ऐन मध्यभागी पांढरा ठिपका, टाचणीनं भोक पाडल्यासारखा. मधोमधचा ठिपका म्हणजे आमच्यात सगळ्यांत मोठी नामुष्की. कोपऱ्यातला एखादा चालवून घेतात. प्रत्येक पॅनेलावर कुणी तपासलं त्याचा क्रमांक असतो. अकराही लीश्वेताईची. तारखा माझ्या रजेच्या.

ल्याओंनी आम्हा दोघींना उजेडातल्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक पॅनेल काळं करून ठेवलं होतं.

"ताई, हे दिसतंय?"

तिनं सरळ बघितलं. मग मान थोडी डावीकडे नेली, थोडी उजवीकडे. ल्याओ तिच्याकडे बघत होते, पॅनेलाकडे नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होते, तो नव्हता. माणूस घाबरतो तसं काहीतरी होतं.

"दिसतंय," ती म्हणाली. "असं बघितलं की दिसतंय."

"कधीपासून?"

"शरदापासून."

ते माझ्याकडे वळले. "पेईजू, तुला माहीत होतं?"

मला दोन मुलं. नवऱ्याचं काम कधी असतं, कधी नसतं. हे सगळं मला त्या क्षणी आठवलं असं म्हणेन तर ते खोटं होईल. मला काहीच आठवलं नाही. तोंडातून आपोआप गेलं, "नाही, साहेब."

लीश्वेताईनं माझ्याकडे बघितलं नाही. "तिला कसं माहीत असणार," ती म्हणाली, "अंधारात असतो आम्ही."

तिला पॅकिंगला पाठवलं. ल्याओंनी वर रदबदली केली म्हणून काढलं नाही, हे मला नंतर समजलं. पण पॅकिंगलाही खोक्यावरची चिठ्ठी आणि स्क्रीनवरचा क्रमांक जुळवायचा असतो. क्रमांक बारा आकड्यांचा, आणि अक्षर मोठं करायची सोय त्या स्क्रीनला नव्हती. ती भिंग घेऊन बसायची. तिच्यामुळे खोकी तुंबायची. पोरी आधी "असू दे मावशी" म्हणायच्या, मग काही म्हणेनाशा झाल्या. सात आठवड्यांनी तिनं स्वतःच राजीनामा दिला.

सही करायला मी तिच्याबरोबर गेले. कागद नव्हता. टॅब्लेट होता, त्यावर बोटानं सही. चौकोनाची रेघ फिकट निळी.

"मावशी, चौकोनाच्या आत," कारकून मुलगी म्हणाली. लीश्वेताईनं बोट फिरवलं. सही बाहेर गेली. मुलीनं पुसली. दुसऱ्यांदा पहिलं अक्षर आत, बाकी बाहेर. पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा तिच्या बोटाला घाम आला होता, स्क्रीननं बोट ओळखलंच नाही.

"कागदावर घ्या ना," मी म्हटलं.

"कागदाची पद्धत बंद झाली, ताई. सिस्टीम घेत नाही." मुलगी खरंच ओशाळली होती. "मी हात धरू का त्यांचा?"

"धर," लीश्वेताई म्हणाली.

मुलीनं तिचं बोट धरलं आणि चौकोनात तीन अक्षरं काढली. ते लीश्वेताईचं अक्षर नव्हतं, पण सिस्टीमनं सही घेतली. हिरवी खूण आली. "झालं?" तिनं विचारलं. खूण तिला दिसली नव्हती.

मी बरेच दिवस तिच्याकडे गेले नाही. फोनही केला नाही. जिनफा भाऊजी एकदा बाजारात भेटले, सबाही मासा निवडत होते. म्हणाले, "डाव्यातही सुरू झालंय. घरी बसून वेडी होईल म्हणून छीगूला पाठवतो, माझ्या बहिणीकडे, कालवं सोलायला. ये कधीतरी. तुझं नाव काढते."

एका रविवारी गेले. समुद्राजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाच-सहा बायका कालवांच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. लीश्वेताई कडेला. बोटांना चिकटपट्ट्या. तिची नणंद आ-मेई माझ्याकडे बघून म्हणाली, "घ्या, कारखान्याच्या मोठ्या बाई आल्या. सुरी देऊ का हातात?"

"दे," मी म्हटलं, आणि ताईशेजारी बसले. पहिल्याच कालवाला माझी सुरी घसरली. लीश्वेताई बिजागरीची जागा अंगठ्यानं चाचपायची, मग सुरी घालायची, आणि तरी चारांत एकदा चुकायची. बाकीच्यांच्या घमेल्यात तिच्या तिप्पट कालवं होती. त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

मी चार कालवं सोलली. शेवटी म्हटलं, "ताई, त्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा मी..."

"तू हो म्हणाली असतीस तर दोघी गेलो असतो."

"मग तुला राग नाही?"

"आहे की. नाही असं कधी म्हटलं मी?" तिनं पुढचं कालव उचललं. "डाव्यातला निराळा आहे गं. उजव्यासारखा राखाडी नाही, कडेला जरा तांबूस. आणि त्यात सरळ रेघ वाकडी होते. डॉक्टर बाईंना सगळं नीट सांगितलं, किती बोटं, कुठल्या बाजूला. त्या म्हणाल्या, एवढं कुणी सांगत नाही. पण लिहून घेतलं नाही त्यांनी."

"का?"

"संगणकावर तेवढी जागा नसते म्हणे."

पाऊण तासात मी सोळा कालवं सोलली आणि दोन बोटं कापून घेतली. निघायची वेळ झाली तेव्हा हात धुऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती खाली मान घालून सुरी पुसत होती. मी तशीच उभी होते. थोड्या वेळानं तिनं मान वर केली, आणि माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत विचारलं, "कोण आहे?"

"मीच आहे, ताई. जू. निघतेय."

"बरं. पुढच्या रविवारी येणार असशील तर बोलत ये. अशी नुसती येऊन उभी राहू नकोस."